दहा मिनिटांत काय मागायचं

दहा मिनिटांत अण्णांचा नमस्कारसुद्धा संपत नसे.

ते आधी समोर बसलेल्या प्रत्येकाची चौकशी करत. मग खिडकी जरा उघडता येईल का, ते विचारत. मग लॅपटॉपच्या वायरीशी त्यांची झटापट चाले, आणि पडद्यावर कारखान्याचं नाव उमटलं की 'ही गोष्ट एका किंचाळणाऱ्या चाकापासून सुरू होते' असं म्हणून ते थेट आपल्या वडिलांच्या काळात शिरत. तिथून निघून हॉस्पिटलच्या आजच्या ट्रॉलीपर्यंत पोचायला त्यांना अख्खी दुपार लागे. नमनाला घडाभर तेल, असं वहिनी म्हणायची, अर्थात अण्णांच्या माघारी. पण हॉस्पिटलच्या खरेदी विभागातले जुने साहेब दर वर्षी ती दुपार त्यांना देत, आणि संध्याकाळी ऑर्डरही देत, हेही खरं होतं.

आता ते साहेब निवृत्त झाले होते आणि अण्णा नव्हते. खरेदीचं काम एका समितीकडे गेलं होतं. तिच्या अध्यक्ष कुणी डॉक्टरबाई होत्या. त्यांनी सगळ्या पुरवठादारांना एकच निरोप धाडला होता: प्रत्येकाला दहा मिनिटं, मग पुढचा. अण्णांच्या कारखान्याची पाळी आज दुपारी होती. ट्रॉल्या, खाटा, त्यांची चाकं, असलं सगळं बनवणाऱ्या या कारखान्याला मोठं असं हे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. ते गेलं तर खालचं शटर कायमचं ओढावं लागणार होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मोठ्याने मात्र कुणी म्हणत नव्हतं.

म्हणून धाकटीला, अण्णांच्या मुलीला, बोलावलं होतं. ती परगावी एका प्रकाशनात संपादक होती. लोकांची पुस्तकं कापणं हा तिचा धंदा, अशी घरातली समजूत होती आणि ती फारशी चूक नव्हती. अण्णा गेल्यानंतर ती काही दिवस घरी राहिली, मग कामावर परतली, आणि टेबलावरचा ढीग उपसायला घेते न घेते तोच दादाचा फोन आला.

"अण्णांचं प्रेझेंटेशन दहा मिनिटांत बसवायचंय. आणि बोलायचंही तूच."

"मी का?"

"मी उभा राहिलो की माझा घसा बसतो. काका उभे राहिले तर बसत नाहीत. आणि हिला पाठवलं तर काका घर डोक्यावर घेतील."

तर सकाळपासून सगळे कारखान्याच्या माडीवर, नमुन्यांच्या खोलीत जमले होते. भिंतीवरच्या फळ्यांवर चाकं मांडलेली होती: बशीएवढी, वाटीएवढी, काही अर्धी कापून आतलं दाखवणारी. मधे टेबल. अण्णांच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, आणि ती रिकामी ठेवणंही कुणाला जमत नव्हतं. म्हणून दादाने तिच्यावर आपली बॅग ठेवली होती, वहिनीने बॅगेवर ओढणी टाकली होती, आणि काकांनी त्यावर चष्म्याचं घर.

"फाइलचं नाव बघ," दादा म्हणाला.

'शेवटचं नक्की नवं सुधारित' असं नाव होतं. धाकटीने ती उघडली. पहिल्या स्लाइडवर कारखान्याचं नाव होतं, आणि खाली, फक्त बोलणाऱ्याला दिसावी अशा पट्टीत, अण्णांनी स्वतःसाठी टिपलं होतं: 'इथे पाणी पिणे.' पुढच्या स्लाइडखाली: 'इथे थांबणे. हसतील.'

ती हसली. मग उगाच माउस पुसत बसली.

"पुढे चल," दादा म्हणाला.

आजोबांच्या स्लाइडी ओलांडल्यावर एक फोटो आला. काका रबर दाबायच्या प्रेसपाशी उभे होते. तापलेल्या साच्यातून रबराचं चाक काढून त्यांनी मूल धरावं तसं दोन हातांत धरलं होतं. वर लिहिलं होतं, 'आमचा साचा आणि माझा भाऊ.'

"ही काढू या," धाकटी म्हणाली. "साचा कसा तापतो ते समितीला कशाला?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्यांनाच खोलीबाहेर व्हायला सांगितलं होतं. "कशाला? अगं, ती आहे म्हणून मी आहे इथे."

"म्हणजे?"

उत्तर वहिनीने दिलं. "म्हणजे असं, वन्सं, की ज्या वर्षी काका रुसून महिनाभर कारखान्यात आले नाहीत, त्या वर्षी अण्णांनी ही स्लाइड घातली. मग आले."

"महिना कुठला, सूनबाई! पंधरवडा. आणि पाठ दुखत होती माझी."

"पाठ स्लाइडीने बरी झाली," दादा पुटपुटला.

धाकटीने पुढची काढली. एक आलेख होता, पायऱ्यापायऱ्यांचा, कुठल्याही वर्षाचा असू शकेल असा. "ही?"

दादाने छताकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "तुमच्या दादांना नव्या तऱ्हेच्या ट्रॉल्या काढायच्या होत्या. अण्णा नको म्हणाले. मग दोघं बोलेनात. जेवताना मीठ मागायचं तर माझ्यामार्फत. शेवटी आलेख आला."

"आणि ही गाडी?"

दुरुस्तीच्या छोट्या गाडीपाशी वहिनी उभी होती, हातात पाना. आता हसायची पाळी काकांची होती. "सूनबाईंनी दुसरीकडे नोकरी धरली होती. सोमवारपासून जाणार होत्या. रविवारी अण्णाने फोटोग्राफर बोलावला."

धाकटी एकेक स्लाइड उलटत गेली तसतसं तिच्या ध्यानात येऊ लागलं, की हे ट्रॉल्या विकायचं सादरीकरण नव्हतंच. घरातल्या प्रत्येक भांडणाचा तह त्यात होता. कुणी दुखावलं की अण्णा त्याला एक स्लाइड देत. मग दर वर्षी हॉस्पिटलच्या लोकांपुढे त्या माणसाचं कौतुक होई, आणि माणूस वर्षभर गप्प राही. अशी फाइल वाढत गेली होती. कुणाला वगळायची सोय नव्हती.

आणखी एक उलटली आणि ती थबकली. पडद्यावर ती स्वतः होती. कुठल्याशा पुस्तक प्रदर्शनातला फोटो. 'आमची कन्या ग्रंथक्षेत्रात.' खालच्या पट्टीत लिहिलं होतं: 'इथे घाई न करणे.'

"हे दाखवायचे ते? हॉस्पिटलच्या लोकांना?"

"दर वर्षी," दादा म्हणाला. "तू कारखान्यात येणार नाही म्हणून सांगून गेलीस ना, तेव्हापासून. साहेब तर विचारायचे, मुलगी काय म्हणते?"

तिला काय वाटलं ते तिलाच नीट कळेना. रागासारखं काहीतरी होतं, पण तो राग नव्हे. तिने ती स्लाइड निवडली आणि बटण दाबलं. स्लाइड गेली. तिला वाटलं, आता बाकीचे आपापल्या काढा म्हणतील.

कुणीच म्हणालं नाही.

"माझी कुठाय?" खिडकीपाशी बसून आई इतका वेळ चहाचे कप विसळत होती. तिने हात पुसले आणि पडद्याजवळ आली. "सगळ्यांच्या आहेत. माझी कुठाय?"

दादाने शेवटपर्यंत पाहिलं, मग उलट्या बाजूने पाहिलं. आईची स्लाइड नव्हती.

"असं कसं," काका म्हणाले.

"बरोबरच आहे," आई म्हणाली. "मी कधी भांडले नाही ना." आणि ती परत कपांकडे गेली.

दादाने स्लाइडी पुन्हा पहिल्यापासून लावल्या.

मग सुरू झालं ते एक ना धड भाराभर चिंध्या. काकांचं म्हणणं पडलं, आजोबांचा काळ ठेवा, आलेख काढा. आलेखाने कुणाचं पोट भरतं? वहिनी म्हणाली, बरोबर, आलेख काढा. दादा म्हणाला, मग गाडीही काढा, दुरुस्ती हा काही धंदा नव्हे, ती सोय आहे. यावर काका दादाच्या बाजूला गेले. वहिनी म्हणाली, ठीक आहे, मग साचाही काढा, हल्ली चाकं तयार मिळतात. यावर दादा बायकोच्या बाजूला आला, आणि आल्यावर आपण कुठे आलो ते त्यालाच कळेना. कोण कुणाच्या पंगतीला बसलंय याचा पत्ता धाकटीला लागेना. ती एक स्लाइड काढी, तोवर कुणीतरी दुसरी परत घालायला लावी. दादाने फोनवर गजर लावून तिला एकदा म्हणून पाहायला सांगितलं, तर गजर वाजला तेव्हा ती आजोबांच्या लग्नापर्यंतसुद्धा पोचली नव्हती.

शेवटी तिने लॅपटॉप अर्धा मिटला. लेखकांना ती जो प्रश्न विचारायची तोच तिने विचारला, फक्त त्यांना विचारताना तिचा आवाज असा चढत नसे.

"थांबा. आपल्याला त्यांच्याकडून हवंय काय?"

"काय म्हणजे? ऑर्डर," दादा म्हणाला.

"कशाची?"

"नव्या ट्रॉल्यांची. सगळ्या इमारतीसाठी."

"छे छे," काका म्हणाले. "ट्रॉल्या सतरा जण बनवतात. आपण चाकं मागायची. आपली चाकं. ती ज्या ट्रॉलीला लागतील ती चालेल."

"आपली चाकं फक्त आपल्याच ट्रॉलीला लागतात, काका," वहिनी म्हणाली. "दुसऱ्यांच्या मापाला बसत नाहीत. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या ट्रॉल्यांची देखभाल मागा. कुणीही बनवलेल्या असोत. चालू ठेवायचं काम आपलं."

"दुसऱ्याच्या पोरांची नाकं पुसायची?" काका उसळले.

"अण्णा काय मागायचे?" धाकटीने विचारलं. "दादा, तू तर दर वर्षी बरोबर असायचास. शेवटी काय म्हणायचे?"

दादाने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "शेवटी... शेवटी ते म्हणायचे, 'तर असं आहे साहेब. बघा कसं वाटतं ते.'"

"आणि साहेब?"

"साहेब म्हणायचे, 'पाठवा.'"

"काय पाठवा?"

"ते कधी म्हणाले नाहीत. मग आठवडाभराने त्यांच्या स्टोअरमधून फोन यायचा, अमुक लागेल, तमुक लागेल. ते आपण पाठवायचो."

"म्हणजे अण्णांनी कधी काही मागितलंच नाही?"

काकांनी चष्म्याचं घर उचललं, उघडलं, बंद केलं. इतकी वर्षं इतक्या दुपारी अण्णा बोलत राहिले होते, ते हे मागणं यायलाच नको म्हणून की काय, असं धाकटीच्या मनात येऊन गेलं. एक गोष्ट मागितली असती तर घरातली बाकीची माणसं मागे राहिली असती. पण तेही खरं की तिच्या संपादकी मनाने रचलेलं, याची तिला खात्री वाटेना. विचारायला ते नव्हते.

"आई, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, थोडे दिवस कुणी कुणाकडे काही मागू नये," आई म्हणाली. "पण ते काही तुमच्या कामाचं नाही. डबे भरलेत. खाऊन निघा."

ठरलं काहीच नाही. तरी निघावं लागलं. जिना उतरताना वहिनीने धाकटीला कोपऱ्यात घेतलं. या वेळी वन्संबिन्सं काही नव्हतं.

"हे बघ, काय मागायचं ते मी सांगत नाही. पण तिथल्या वॉर्डांमधून मला रोज फोन येतात. चाक अडकलं, चाक निघालं. बहुतेक वेळा ट्रॉली आपली नसतेच. मी म्हणते, आमची नाही हो ती, आणि फोन ठेवते." ती जरा थांबली. "तो फोन ठेवायचा मला कंटाळा आलाय."

गाडीत दादा मागच्या सीटवर धाकटीशेजारी लॅपटॉप उघडून काहीतरी करत होता. धाकटीने मान वळवली तर आलेख परत आलेला.

"एकच आहे," तो म्हणाला. "आणि ऐक, तू नव्या ट्रॉल्यांचंच माग. काका तिथे काही बोलणार नाहीत. त्यांचं मी बघतो."

"माझं काय बघतोस रे?" पुढून गाडी चालवता चालवता काका म्हणाले. त्यांना ऐकायला कमी येतं अशी सगळ्यांची सोयीची समजूत होती.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर त्यांना एका बाकावर बसवलं. आधीचा पुरवठादार आत होता. दादा पाणी शोधायला गेला तसे काका सरकून तिच्या जवळ आले.

"पोरी, तुझ्या बापाने कधी माझा साचा थंड पडू दिला नाही. एवढं लक्षात ठेव. बाकी तू शहाणी आहेस."

तिने मान हलवली. आता तिच्याकडे तीन मागण्या होत्या, तिन्ही आपल्याच माणसांच्या, आणि तिन्हींना तिने होकारासारखं काहीतरी केलं होतं.

समोर जिन्याखाली ट्रॉल्यांची एक रांग उभी होती. धूळ खात. एकीच्या चाकाला कुणीतरी बँडेज गुंडाळलं होतं. त्यांच्या देखतच एक वॉर्डबॉय आला, रांगेतली एक ओढून पाहिली, ती जागची हलेना, तेव्हा तिला लाथ घालून हात हलवत निघून गेला. काकांना बसवेना. ते उठले, गुडघे धरत वाकले आणि चाक बोटाने फिरवू लागले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी आसाभोवतालचं काहीतरी ओढलं. केसांचा आणि दोऱ्याचा हा एवढा गुंता हातात आला. चाक गरगर फिरलं.

"बघ," ते म्हणाले. "धडधाकट आहे. नुसतं अडकलंय. कुणी खाली वाकून बघतच नाही."

"कुणाचं चाक आहे?"

"आपलं नाही." ते बारकाईने बघत राहिले. "पण वाईट नाही हं. बरं बनवलंय."

त्या फिरणाऱ्या चाकाचा आवाज ऐकता ऐकता धाकटीला वरचा मजला आठवला. ह्याच इमारतीत अण्णांना तपासणीसाठी नेताना ट्रॉलीचं एक चाक थरथरत होतं. अण्णांचे डोळे मिटलेले होते. पण त्यांचं एक बोट कडेच्या दांडीवर त्या थरथरीचा ठेका धरत होतं. ते तिने पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. आत जाऊन हे सांगितलं तर? अर्ध्या मिनिटाचं आहे. त्यानंतर समितीतलं कुणीही नाही म्हणू शकणार नाही. हस्तलिखितात असा परिच्छेद आला असता तर तिने त्याला हात लावला नसता.

दार उघडलं. त्यांना आत बोलावलं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. एका बाजूला स्टोअरचे प्रमुख, दुसऱ्या बाजूला एक तरुण लेखापाल. टेबलावर एक छोटं घड्याळ त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेलं होतं.

"बसा. अण्णा कुठायत?" स्टोअरचे प्रमुख म्हणाले, आणि लगेच कुणीतरी कानात सांगितल्यासारखे गप्प झाले. "माफ करा हं. मी ऐकलं होतं."

"चालेल," धाकटी म्हणाली. म्हणजे काय चालेल, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दादाने वायर जोडली. पडद्यावर कारखान्याचं नाव आलं. खालच्या पट्टीत, फक्त तिला दिसेल असं, 'इथे पाणी पिणे.' ती पाणी प्यायली. बोटाची गोष्ट तिच्या जिभेवर आली आणि तिथेच राहिली. ती विकायची नव्हती. ती सोडली तर मग तिच्यापाशी उरलं होतं ते एवढंच, जे आत्ता बाहेर दिसलं होतं.

"बाहेर जिन्याखाली ट्रॉल्यांची रांग उभी आहे," ती म्हणाली. "तुम्ही ती पाहिली असेल."

"रोज पाहते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या भंगारात जायच्यात."

"नाही जायच्या. आमच्या काकांनी आत्ता त्यातली एक चालू केली. किल्लीने. आसाभोवती केस अडकले होते."

स्टोअरच्या प्रमुखांनी काकांकडे पाहिलं. काकांनी किल्ली दाखवली.

"तुमच्या वॉर्डांमधून आमच्याकडे रोज फोन येतात. ट्रॉली आमची नसली की आम्ही फोन ठेवून देतो. ते आम्हाला थांबवायचंय. एक मजला आम्हाला द्या. त्या मजल्यावरची एकही ट्रॉली उभी राहणार नाही, ती कुणीही बनवलेली असो. जमलं तर बाकीची इमारत द्या. मागणं एवढंच आहे."

शेजारी दादाचा हात लॅपटॉपवर होता. तो तिथेच थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरबाई घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघत होत्या. "एक सांगा. आधीचे गृहस्थही दुरुस्ती म्हणाले, आणि मग कळलं की त्यांना स्वतःचाच माल गळ्यात मारायचाय. तुम्ही चाक बदलाल तेव्हा कुणाचं घालाल? स्वतःचंच ना?"

हा प्रश्न सकाळी कुणी विचारला नव्हता, आणि विचारायला हवा होता तो हाच होता. हो म्हटलं तर काम गेलं. नाही म्हटलं तर साचा गेला. धाकटीने काकांकडे वळून पाहिलं. वाटलं, ते मानेने काहीतरी सुचवतील. रागावले तरी चालेल. पण काका स्टोअरच्या प्रमुखांना किल्लीवरचा गुंता दाखवण्यात रंगले होते.

"नाही," ती म्हणाली. "ज्या ट्रॉलीला जे बसेल ते घालू."

"आणि तुमचं बसलं नाही तर?"

"तर नाही घालणार."

डॉक्टरबाईंनी दोन्ही बाजूंना पाहिलं. लेखापालाने खांदे उडवले. स्टोअरचे प्रमुख म्हणाले, "बाई, ती रांग निघाली तर मला निदान जिना तरी दिसेल."

"दुसरा मजला घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोमवारपासून. बाकी यांच्याशी बोला." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांना नवल वाटलेलं दिसलं. "तुमचा अजून बराच वेळ शिल्लक आहे. आणखी काही?"

दादाने आशेने पडद्याकडे पाहिलं. पुढे आलेख होता, मग साचा, मग गाडी, मग आजोबा.

"नाही," धाकटी म्हणाली. "झालं."

बाहेर आल्याबरोबर दादाने वहिनीला फोन लावला. पलीकडून ती एवढ्याने ओरडली की बाकावरचे पुढचे पुरवठादार चपापून बघू लागले. दादा हसत होता, आणि मधेच हसायचं विसरत होता. "नव्या ट्रॉल्यांचं तिने काढलंच नाही गं," तो फोनमध्ये म्हणाला, "पण मिळालं. अगं मिळालं म्हणतोय ना! काय मिळालं ते घरी आल्यावर तूच सांग मला." बोलत बोलत तो गाडी आणायला गेला.

काका फाटकाजवळच्या पायरीवर उभे होते. त्यांनी किल्ली रुमालाने पुसून खिशात ठेवली.

"छान बोललीस," ते म्हणाले. "एका दमात. मला तर कळलंच नाही कधी संपलं ते. सगळे खूश दिसले."

"हो."

"म्हणजे आपलं काम झालं."

"झालं, काका."

"मग मला एक सांग." त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. "मधे त्या बाई चाकाचं काहीतरी म्हणाल्या आणि तू नाही म्हणालीस. मी जरा त्या साहेबांशी बोलत होतो. ते काय होतं? म्हणजे आता सोमवारी प्रेस तापवायचा की नाही?"

याचं उत्तर एका शब्दाचं होतं. आत, अनोळखी माणसांसमोर, तो शब्द तिच्या तोंडून चटकन निघाला होता. इथे तो कुठून काढायचा ते तिला समजेना. रस्त्याच्या कडेने दादा गाडी वळवून आणत होता. आता काच खाली करून तो त्यांना बोलावत होता. तिने हाताने त्याला थांबायला सांगितलं.

"काका, बसा ना जरा," ती म्हणाली, आणि पायरीवर त्यांच्यासाठी जागा केली. "असं बघा, मी आत्ताच परगावाहून आले, मला इथलं सगळं माहीत नाही. तुम्हीच मला आधी सांगा, तुम्ही पहिल्यांदा साच्यातून चाक काढलंत ना, तेव्हा काय झालं होतं?"

काका तिच्याकडे बघत राहिले. मग गुडघे धरत हळूहळू खाली बसले.

"तेव्हा?" ते म्हणाले. "अगं, ती मोठी गंमत आहे."